टाक्यावरचा लांडगा

लंकाबाईनं उत्तमराव मास्तरांना पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा मास्तर हरणांच्या टाक्यात पाय सोडून बसले होते. एक नव्हे, दोन्ही पाय, चांगले पोटरीपर्यंत. विजार वर दुमडलेली, डोळे मिटलेले आणि तोंडानं कसलंसं नाट्यगीत चाललेलं. त्र्याहत्तर सालचा उन्हाळा होता. सोनखडी गावात तोंड धुतलेलं पाणी कोंबड्यांना मिळायचं आणि कोंबड्यांनी ठेवलेलं पाणी तुळशीला. अशा दिवसांत लंकाबाई डोक्यावर हंडा आणि कमरेवर कळशी घेऊन माळ चढून आली आणि तिला ते धुऊन निघालेले गोरे पाय दिसले.

तिनं अशी आरोळी ठोकली, की खडी फोडणाऱ्या शंभर बायांचे हातोडे हवेत राहिले. राशीनच्या बाजारात गिऱ्हाइकासमोर उभा केलेला एक बैल मटकन खाली बसला. कर्जतच्या कचेरीत मामलेदारांनी शिपायाला विचारलं, "भोंगा कसला झाला रे?" आणि शिपाई खिडकीतून बघून म्हणाला, "भोंगा न्हाई साहेब, सोनखडीची लंकाबाई हाय." यातली मामलेदारांची गोष्ट कुणी वाढवून सांगितली असेल. बैल मात्र बसला होता. त्याचा मालक अजून हयात आहे.

"आरं ए मुडद्या! तुझ्या आयनं तुला कधी न्हाऊ घातलं न्हाई व्हय?"

मास्तर दचकून उभे राहिले. उभे राहिले ते टाक्यातच.

"अहो बाई, मी शासनाकडून आलोय."

"मंग शासनाच्या हंड्यात पाय घाल! ह्ये पानी हरनांचं हाय."

"मला वाटलं, जनावरांसाठीच आहे."

"हायेच की. मंग तू कशाला बसलायस त्येच्यात?"

एवढं बोलून तिनं हंडा खाली उतरवला आणि डोक्यावरची चुंबळ फेकून मारली. ती मास्तरांच्या टकलावर अशी नेमकी जाऊन बसली की वर फक्त हंडा ठेवायचा बाकी होता. खडीवरच्या बाया हसल्या. मास्तरांनी चुंबळ काढली, घडी घातली आणि बाईंच्या पायाशी नेऊन ठेवली. माणूस तसा सभ्य होता. त्या दिवसापासून दोघांचं जे वैर सुरू झालं, त्यात मात्र सभ्यतेचा कुणी संबंध येऊ दिला नाही.

लंकाबाईचं रान माळाला लागून होतं. तीन एकर, त्यात जमेल तेव्हा तूर आणि बाजरी. माळावरच्या हरणांशी तिचं भांडण लग्न होऊन आल्या दिवसापासूनचं. हरणं रात्री उतरायची आणि तुरीचे शेंडे खुडून जायची. तेव्हा लंकाबाई आणि तिचा नवरा सहादेव मचाणावर बसून गोफण चालवायचे. सहादेवाचा नेम चुकायचा. लंकाबाईचा चुकायचा नाही, पण तिला मारण्यापेक्षा शिव्या देण्यात जास्त गोडी. दगड लागला की हरीण पळायचं आणि शिवी अर्धीच राहायची. दुष्काळाच्या आदल्या वर्षी सहादेव ऊस तोडायला राहुरीकडे गेला आणि तिकडंच रमला. ऊस तोडणं हे काही रमण्याचं काम नव्हे. पण ज्यांनी लंकाबाईशेजारी घर केलं होतं, त्यांना कुणालाच त्याचं नवल वाटलं नाही.

मग पाऊस पडला नाही. तूर नाही, बाजरी नाही. दुष्काळी कामावर सगळं गाव खडी फोडायला बसलं आणि माळावरची हरणं जिभा बाहेर काढून खालच्या कोरड्या ओढ्यात फिरायला लागली. वनखात्यानं माळावर सिमेंटचं एक टाकं बांधलं. आता ते भरणार कोण, असं मुकादमानं विचारल्यावर लंकाबाईनं आधी टाक्याला, मग खात्याला, मग हरणांना नावं ठेवली आणि दुसऱ्या दिवशी पहाटे हंडा घेऊन हजर झाली. ते काम तिच्याकडं कुणी दिलं, हे खात्याला शेवटपर्यंत कळलं नाही. ते तिच्याकडून काढून घ्यायची हिंमत कुणाला झाली नाही एवढंच.

खडीवर शेजारी बसणारी साळूबाई एकदा म्हणाली, "लंके, ज्या हरनांनी तुझी तूर खाल्ली, त्येंनाच पानी पाजतीस? पुन्य लागलं गं बाई तुला."

"पुन्य गेलं खड्ड्यात. पाऊस पडल, तूर यील. मंग ह्या भाड्यांना धोंडं कुनी हानायचं? म्येलेल्याला धोंडा मारून काय त्येला लागतंय व्हय?"

रोज संध्याकाळी कळप टाक्यावर यायचा. पुढं काळा नर, मान ताठ, वळणाच्या शिंगांचा; मागं तांबूस माद्या आणि पाडसं. लंकाबाई बाभळीआड बसून बघायची. "प्या, मुडद्यांनो, प्या. माझ्या डोक्याचं टक्कल पडलं तुमच्यापायी," असं पुटपुटत बसायची, आणि सगळी पिऊन गेल्याशिवाय घराकडं वळायची नाही.

अशा ठिकाणी उत्तमराव मास्तर आले. वनखात्याच्या एका मोठ्या साहेबांनी परदेशातल्या मासिकात एका बागेचा फोटो पाहिला होता. मोकळी जनावरं फिरतायत आणि त्यांच्यामध्ये जागोजागी शिल्पं उभी आहेत. साहेबांना वाटलं, हे आपल्याकडंही व्हावं. माळ आहे, हरणं आहेत, फोडलेली खडी तर डोंगराएवढी आहे. लगेच रस्त्याच्या अंगाला तारेचं कुंपण पडलं, फाटक आलं, फाटकावर 'वन्यप्राणी व शिल्प उद्यान, सोनखडी' अशी पाटी चढली आणि शिल्पांसाठी नगरच्या एका हायस्कुलातले चित्रकलेचे मास्तर उन्हाळ्याच्या सुटीत बोलावले गेले.

उत्तमरावांनी बावीस वर्षं फळ्यावर तांब्या आणि केळं काढलं होतं. गणपतीत आरास करायची, स्नेहसंमेलनात पडदा रंगवायचा, आणि रात्री आपल्या हातून काहीतरी मोठं घडणार आहे अशी स्वप्नं पाहायची. आता सरकारनं त्यांना एक आख्खा माळ दिला होता. मास्तर वेडे झाले. त्यांनी राहुटी ठोकली आणि पहाटेपासून भुवयांना सिमेंट लागेपर्यंत काम सुरू केलं. पहिलं खडीचं कासव झालं. बाया त्याच्यावर बसून भाकरी खायला लागल्या. मग सळयांच्या पिसाऱ्याचा मोर झाला; त्यावर बायांनी लुगडी वाळत घातली. मास्तरांनी मनाला लावून घेतलं नाही. लंकाबाईशी गाठ पडली ती वेगळ्याच गोष्टीवरून. सिमेंटला पाणी मारावं लागतं.

"चार-पाच दिवस रोज मारावं लागतं बाई, नाहीतर तडे जातात," मास्तर टाक्यातून बादली उचलत म्हणाले.

"ठिवा ती खाली."

"अहो, मोर तडकेल."

"तडकू द्या. दगडाला तहान लागती व्हय? जित्त्या जीवाला पानी न्हाई आन ह्ये निघालं मोराला आंगुळ घालाया!"

"ही कला आहे बाई. कळायची नाही तुम्हाला."

"मला न्हाई कळायची. तुमच्या बादलीला कळंल." असं म्हणून तिनं बादलीला लाथ मारली. पाणी टाक्यातच सांडलं, बादली मात्र उतारावरून फाटकापर्यंत गेली. मास्तरांनी त्यानंतर राहुटीतल्या पिण्याच्या पाण्यातून मोराला पाणी मारलं आणि स्वतः तीन दिवस आंघोळ केली नाही. आंघोळ न केल्याचा दोषही लंकाबाईनं त्यांच्याच पदरात घातला.

मग त्यांनी सिमेंटचा काळवीट केला. चार दिवसांनी खऱ्या काळविटानं माळावरून धाव घेऊन त्याला अशी टक्कर दिली की सिमेंटचं एक शिंग तुटून पडलं. मास्तरांच्या डोळ्यांत पाणी आलं, ते आनंदाचं. जनावर फसलं! यापेक्षा मोठं प्रशस्तिपत्रक कोण देणार? त्या रात्री त्यांना झोप आली नाही आणि सकाळी ते लांडगा करायला बसले.

लांडगा हे उत्तमरावांच्या आयुष्यातलं सगळ्यांत मोठं काम. विचारही मोठा होता. लांडगा टाक्याच्या काठावर मान खाली घालून पाणी पितोय. शेजारी हरणं येतील, तीही पाणी पितील. वैरी एका पाणवठ्यावर! साहेब फोटो काढतील, फोटो मासिकात जाईल. मास्तरांनी टाक्याशेजारच्या खडकात सळया गाडल्या आणि त्यावर तो घडवला. रस्त्याकडच्या उजव्या अंगावर खिळ्यानं केसन् केस कोरला. खांद्यावर आयाळ अशी उभी केली की साळूबाई त्याच्या बाजूनं यायची बंद झाली. उद्घाटन जवळ आलं म्हणून डावी बाजू थापीनं गुळगुळीत करून सोडली. तिकडून कोण बघतंय?

तिकडून हरणं बघत होती.

त्या संध्याकाळी कळप नेहमीसारखा आला. नर थबकला. नाकपुड्या फुगल्या, शेपटी ताठ झाली आणि सगळा कळप उधळून माळाच्या पार टोकाला गेला. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी लंकाबाई हंडा घेऊन आली, तर टाकं काठोकाठ भरलेलं. कधी नव्हे ते तिला पाणी ओतायला जागा नव्हती. हंडा डोक्यावर तसाच ठेवून ती त्या पाण्याकडं बघत उभी राहिली. तोंडातून एकही शिवी निघाली नाही. खडीवरच्या बायांना तेव्हाच भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओढ्यात तिला एक पाडस सापडलं. वाळूत तोंड खुपसलेलं, जिभेवर वाळू. तिनं ते पदरात घेतलं, माळ चढली आणि मास्तरांच्या राहुटीसमोर आणून ठेवलं.

"मास्तर, आजून एक जनावर झालं तुमच्या बागंत. ह्येला कुठं उभं करायचं?"

मास्तर बाहेर आले. पाडस पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला.

"हरणं सरावतील बाई. चार दिवस द्या."

"चार दिस कुनाकडं हायती?"

"गुरुवारी उद्घाटन आहे. साहेब येऊन जाऊ द्या, मग बघू."

"आत्ता काढा त्यो."

"काढणार नाही!" मास्तर एकदम किंचाळले. "बावीस वर्षं केळी काढली मी! आणि लक्षात ठेवा, ही सरकारी मालमत्ता आहे. कुणी पहार लावली तर पोलिसांत देईन!"

तिनं पहारीसाठी गाव पालथं घातलं. कुणी द्यायला तयार होईना. सरकारी कामावर सगळ्यांच्या चुली पेटत होत्या. सरकारी लांडगा फोडून त्या कोण विझवणार? सरपंच काकासाहेबांनी तर सरळ हात जोडले. "लंकाबाय, सरकारच्या वर आमी न्हाई."

सरकारच्या वर कोण, याचा लंकाबाईनं दुपारभर विचार केला. मामलेदार, कलेक्टर, मंत्री, सगळे सरकारच. शेवटी एकच उरला. गावात मारुती होता, म्हसोबा होता, पण माळावर कुणी नव्हतं. तर मग माळावर एक देव आणायचा, आणि त्यानंच सांगायचं, की मला इथून न्या. देवानं सांगितल्यावर काकासाहेब स्वतः पहार घेऊन येतील आणि पोलीसपाटील सळया उपसतील. असा बेत मुंबईच्या वकिलालाही सुचला नसता. त्याच्याकडं शेंदूर कुठं असतो?

अमावास्येला भर दुपारी खडीवरच्या बाया सावलीत कलंडलेल्या आणि मास्तर घोरत असताना तिनं वाटीत शेंदूर आणि गोडेतेल कालवलं आणि लांडग्याला नाकापासून शेपटीपर्यंत नारिंगी करून टाकलं. वर दोन चांदीचे डोळे चिकटवले. मास्तर जागे होऊन बाहेर आले, तेव्हा खडीवरच्या बाया हातोडे टाकून रांगेत उभ्या होत्या, आणि साळूबाई, जी काल त्या बाजूनं फिरकत नव्हती, ती त्याच लांडग्यापुढं कपाळ टेकवत होती. नारळ परवडत नव्हते, म्हणून प्रत्येकीनं कामावर मिळालेल्या सुकडीतली चिमूट नैवेद्याला ठेवली होती.

मास्तर मट्कन खाली बसले.

"काय केलंत हो हे?"

"म्या काय न्हाई केलं. द्येव परगटला. हात जोडा, न्हाईतर कोप हुईल."

"हा लांडगा आहे!"

"लांडगोबा म्हना," साळूबाई मागून म्हणाली. अशा रीतीनं देवाचं बारसंही झालं.

संध्याकाळी काकासाहेब आले, गाव आलं. देव तर प्रगट झाला, पण असा उघड्यावर ठेवायचा कसा, असं लंकाबाईनंच विचारलं. "वेशीत मारुतीशेजारी सावली हाय. कौल लावा. द्येवालाच इचारा." तिला काळजी नव्हती. छगन गुरव कौल लावणार होता आणि त्याला तिनं गाठलंही नव्हतं. गाठायची गरजच काय? डोक्यावर छप्पर सोडून माळावर उन्हात उभं राहायला देव काय उत्तमराव मास्तर होता?

कौलाला फुलं हवीत. पण फुलं तालुक्यात नव्हती. म्हणून छगननं रेशनवरच्या मिलोचे, म्हणजे परदेशी लाल ज्वारीचे, दाणे घेतले. एक दाणा पाण्यात बुडवून देवाच्या उजव्या खांद्यावर चिकटवला, एक डाव्यावर. "देवा, वेशीत यायचं आसल तर उजवी दे. हितंच ऱ्हायचं आसल तर डावी दे."

डावा दाणा टपकन पडला.

"घाईत लावला," लंकाबाई म्हणाली. "पुन्यांदा."

पुन्हा लावला. पुन्हा डावा पडला. तिसऱ्यांदा तर छगनचा हात बाजूला व्हायच्या आत डावा दाणा घसरून खाली आला, आणि उजवा मात्र आईच्या कुशीत बसावा तसा घट्ट बसून राहिला.

"डावी दिली! हितंच ऱ्हायचं म्हनतोय!" गावानं गजर केला.

लंकाबाई पुढं झाली. नमस्काराच्या मिषानं तिनं दोन्ही खांद्यांवरून हात फिरवला. डावा खांदा शेंदूर-तेलानं माखलेल्या काचेसारखा. उजव्यावर खिळ्यानं कोरलेले केस. त्यांच्या खाचांत मिलोचा दाणाच काय, बाजरीचं कणीस उभं राहिलं असतं. तिनं वळून बघितलं. मास्तर गर्दीच्या कडेला उभे होते. त्यांनाही कळलं होतं. सोनखडीत आल्यापासून पहिल्यांदाच त्यांनी लंकाबाईकडं बघून स्मित केलं.

"उजव्या अंगाचं काम बरं साधलंय, नाही?"

लंकाबाईनं तोंड उघडलं. हे केसांमुळं झालं, असं ओरडावं, तर देव खोटा म्हटल्यासारखं. देव खोटा म्हणावा, तर शेंदूर कुणी लावला? तिनं लांडग्याकडं बघून एवढंच म्हटलं, "तुझा मुडदा बशिवला!" छगननं घाईनं सांगितलं, की बाईच्या अंगात आलंय.

गुरुवारी साहेब आले. नारिंगी लांडगा बघून त्यांचा चेहरा पडला, पण मागं गाव उभं होतं. त्यांनी बूट काढून नमस्कार केला आणि भाषणात लोककलेच्या सहभागाबद्दल चार शब्द सांगितले. उत्तमरावांचं नाव घ्यायचं राहून गेलं. संध्याकाळी मास्तरांनी राहुटी गुंडाळली. फाटकावर लंकाबाई हंडा घेऊन उभीच होती.

"चालला व्हय? तुमचा द्येव कोन सांभाळनार?"

"माझा नाही बाई, तुमचा. तुम्हीच केलात. मी नुसता लांडगा केला होता."

"लांडगाच बरा हुता," ती म्हणाली, आणि त्यांची ट्रंक हातगाडीवर चढवायला जरासुद्धा हात लावला नाही.

हरणं सरावतील असं मास्तर म्हणाले होते, ते अगदीच खोटं नव्हतं. तीन दिवसांनी पहाटे नर टाक्याच्या बराच जवळ आला. लांडग्याकडं टक लावून बघत एक-एक पाऊल टाकत होता. लंकाबाई बाभळीआड श्वास धरून बसली होती. तेवढ्यात शेजारच्या वाडीची एक दिंडी घंटा बडवत नवसाला आली. त्यानंतर रोज कुणी ना कुणी येतच राहिलं. लंकाबाईनं माळाच्या टोकाला जमिनीत घमेलं पुरून पाणी ठेवलं. भाविकांच्या शेळ्या ते पिऊन गेल्या. तिनं माळ चढणाऱ्या माणसांना गोफणीनं अडवून पाहिलं. देवाची राखण करणारी बाई म्हणून तिला लोक आणखी मानायला लागले, आणि गोफणीचा दगड लागला तर प्रसाद म्हणून घरी न्यायला लागले.

जूनअखेर पाऊस झाला. हरणं त्याआधीच भीमेच्या बाजूला गेली होती. ती परत आली नाहीत. पुढच्या वर्षी वनखात्यानं उद्यान बंद केलं आणि तारेचं कुंपण काढून नेलं; लांडगोबा मात्र तिथंच राहिला, आणि लंकाबाईच्या तुरीचे शेंडे खुडायला कुणी उतरलं नाही.